घरी भरभरून बोलणारी ऑटिस्टिक मुलगी शाळेत गप्प का होते, आणि आपण काय करायचं

तुम्ही लिहिलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी कशाचं उत्तर देतेय ते स्पष्ट राहील. मुलगी 13 वर्षांची आहे, दोन वर्षांपूर्वी ऑटिझमचं निदान झालं. घरी तुम्ही, आई आणि धाकटा भाऊ यांच्याशी ती भरभरून बोलते. ज्वालामुखींचा विषय निघाला की थांबत नाही. शाळेत मात्र निदानाच्या आधीपासूनच तोंडातून शब्द नाही. आजी घरात असली की आईच्या कानात कुजबुजते. बाथरूमला जायचं विचारता येत नाही म्हणून शाळेत पाणी पीत नाही. वर्गशिक्षिका म्हणतात, घरी बोलते म्हणजे बोलता येतं, हा निव्वळ हट्ट आहे. एका थेरपिस्टनी बजावलंय की लिहून दाखवायची सवय लावलीत तर ती कधीच बोलणार नाही. त्यात तोंडी परीक्षा तोंडावर आलीय. तुम्हाला जाणून घ्यायचंय की हा हट्ट आहे, ऑटिझम आहे की आणखी काही, आणि तिला बोलतं कसं करायचं.

मी वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ आहे. घरी बोलणारी आणि बाहेर गप्प होणारी ऑटिस्टिक मुलं, आणि अलीकडे मोठी माणसंही, माझ्याकडे बरीच येतात. मुलीला न पाहता मी निदान करणार नाही. पण तुम्ही जे लिहिलंय त्यावरून विचार कुठल्या दिशेने करायचा, एवढं नक्की सांगता येईल.

हट्टाचा मुद्दा आधी निकालात काढू. हट्टी मूल काहीतरी पदरात पाडून घ्यायला गप्प बसतं आणि ते मिळालं की बोलायला लागतं. तुमची मुलगी स्वतःच्या गरजेचंही मागू शकत नाही, तहान मारून दिवस काढते. यात तिचा फायदा काय? ज्यांना नंतर याबद्दल बोलता किंवा लिहिता आलं त्यांनी मला साधारण एकच गोष्ट सांगितलीय: वाक्य डोक्यात तयार असतं, पण घसा आवळतो, जबडा घट्ट होतो, आणि समोरचे जितकी वाट बघत बसतात तितका तो जास्त घट्ट होतो. काहींना तर मानही हलवता येत नाही. शिक्षिकांना समोर दिसतो तो निर्विकार चेहरा, त्यामुळे तो उर्मटपणा वाटतो. गोठलेल्या चेहऱ्यावर भीती दिसत नाही, ही या मुलांची मोठीच अडचण आहे.

आता निदानाबद्दल. काही ठिकाणी सहज बोलणं आणि जिथे बोलणं अपेक्षित आहे अशा ठरावीक ठिकाणी सातत्याने बोलता न येणं, याला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात. हे निदान करायला किमान एक महिना तरी असं चाललेलं असावं लागतं, आणि त्यात शाळेचा पहिलावहिला महिना धरत नाहीत, कारण तेव्हा बरीच मुलं बुजतात. नवी भाषा शिकणारं मूलही काही काळ गप्प असतं, तेही यात येत नाही. 2013 साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-5 या निदानपुस्तिकेने सिलेक्टिव्ह म्युटिझमला चिंताविकारांच्या गटात टाकलं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 मध्येही तो त्याच गटात आहे. ही जागा महत्त्वाची आहे, कारण उपचार त्यावरूनच ठरतात.

गोंधळ होतो तो एका अटीमुळे. डीएसएम-5 म्हणतं की हे गप्प होणं फक्त ऑटिझमच्याच ओघात होत असेल तर वेगळं निदान देऊ नये. त्याचा अर्थ अनेक ठिकाणी 'दोन्हीपैकी एकच' असा लावला गेला. मग ऑटिझम असलेल्या मुलाचं गप्प राहणं 'ऑटिझममुळेच' म्हणून सोडून दिलं जातं, आणि सिलेक्टिव्ह म्युटिझमचं निदान झालेल्या मुलात ऑटिझम कुणी शोधतच नाही. प्रत्यक्षात दोन्ही एकत्र सर्रास दिसतात. स्वीडनमध्ये 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सिलेक्टिव्ह म्युटिझम असलेल्या 97 मुलांपैकी 63 टक्के मुलांमध्ये ऑटिझमही आढळला. ही मुलं खास न्यूरोसायकियाट्री क्लिनिकमध्ये आलेली होती, त्यामुळे हा आकडा सगळ्यांना सरसकट लावू नका. पण तुमच्या मुलीची अवस्था जगावेगळी नाही एवढं त्यातून कळतं. घरी ती अस्खलित बोलते, म्हणजे भाषेची अडचण नाही. मग शाळेतल्या मौनाला ऑटिझम एवढंच उत्तर पुरत नाही. निदान करणाऱ्या तज्ज्ञांना हे नेमकं याच शब्दांत विचारा.

माझ्या मते खरा प्रश्न मात्र पुढे आहे. ऑटिस्टिक माणसाचं गप्प होणं एकाच प्रकारचं नसतं. एक मौन भीतीचं असतं आणि एक थकव्याचं. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात, उपाय मात्र उलट आहेत.

भीतीचं मौन माणसाला, जागेला आणि कामाला चिकटलेलं असतं. मुलगी सकाळी ताजीतवानी असली, वर्गात शांतता असली तरी त्या शिक्षिकांसमोर आवाज निघत नाही. उद्याही निघणार नाही हे आज सांगता येतं. थकव्याचं मौन साचत येतं. ट्यूबलाइट, घंटा, गर्दी, आयत्या वेळी बदललेलं वेळापत्रक, दिवसभर इतरांसारखं दिसायची धडपड. हे सगळं एका मर्यादेपलीकडे गेलं की आधी बोलणं जातं. ऑटिस्टिक लोक याला शटडाउन म्हणतात. हे घरीसुद्धा होतं, आईसमोरही होतं, आणि त्या वेळी समोरच्याचं बोलणं समजायलाही वेळ लागतो. भीतीच्या मौनात माणसाला त्या परिस्थितीत अगदी छोट्या पायऱ्यांनी, पण टिकून राहायला मदत करायची असते. थकव्याच्या मौनात तिथून बाहेर काढून विश्रांती द्यायची असते. थकलेल्या मुलीला पायऱ्या चढायला लावल्या तर ती शाळाच सोडेल. घाबरलेल्या मुलीला दर वेळी बाहेर काढलं तर भीती वाढत जाईल.

तिसरंही एक मौन असतं: तिला त्या गप्पांत रस नाही, किंवा प्रश्न आपल्यालाच विचारलाय हे तिच्या लक्षात आलं नाही. त्याला उपचार लागत नाहीत. सगळ्यांनी सारखं बोललंच पाहिजे असा नियम कुठेही नाही.

म्हणून मी पहिल्या भेटीत उपचार सुरू करत नाही, एक वही भरायला सांगते. दोन-तीन आठवडे रोज लिहायचं: कुठे, कोण होतं, काय चाललं होतं, आवाज कसा होता (मोकळा, हळू, कुजबुज, फक्त खुणा, काहीच नाही), आणि त्याआधीचे दोन तास कसे गेले. हा शेवटचा रकाना लोक सोडून देतात आणि नेमका तोच दोन मौनांतला फरक दाखवतो. एका दहा वर्षांच्या मुलाच्या वहीत असं दिसलं: वर्गात काहीच नाही, मैदानात भावाशी कुजबुज, सर जवळ आले की बंद, कॉरिडॉर रिकामा असताना आईशी मोकळा आवाज, पोहण्याच्या तलावावर अनोळखी मुलांशी चक्क ओरडून बोलणं. शाळेला वाटलं, पाहा, बोलतो की! मला त्यात वेगळंच दिसलं. तलावावर इतका गलका असतो की आपला आवाज तिसऱ्याला ऐकू जाणार नाही याची त्याला खात्री होती. त्याची भीती बोलण्याची नव्हती, आवाज कुणाच्या तरी कानावर पडण्याची होती. मग पहिली पायरी कुठे ठेवायची ते आपोआप ठरलं: पंखा किंवा संगीत चालू असलेली खोली. बोलण्याचा सराव कोरड्या शांततेत घ्यायचा असतो असं वाटणाऱ्यांना हे उलटं वाटतं.

तुमच्या मुलीची वही तिच्याशी बोलून भरा. 13 व्या वर्षी तिच्या पाठीमागे आलेख काढणं बरं नाही, आणि ती देईल ती माहिती तुमच्यापेक्षा अचूक असेल. लिहून दिली तरी चालेल.

आता लिहिण्याबद्दल, कारण तिथे तुम्हाला चुकीचा सल्ला मिळालाय असं मला वाटतं. चित्रफलक, टायपिंग, बोलून दाखवणारं अ‍ॅप अशा पर्यायी साधनांमुळे बोलणं मागे पडतं ही भीती जुनी आहे. विकासात्मक अडचणी असलेल्या लोकांवरच्या अभ्यासांचा 2006 साली एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात साधनं वापरल्यामुळे बोलणं कमी झालेलं कुणीच आढळलं नाही, बहुतेकांचं थोडंफार वाढलंच. तो आढावा खास सिलेक्टिव्ह म्युटिझमवर नव्हता हे खरं. पण माझा अनुभवही तसाच आहे: 'काहीही झालं तरी मला सांगता येईल' ही खात्री मिळाली की घशावरची पकड सैल होते.

त्या थेरपिस्टच्या बोलण्यात एक अंश खरा आहे, तो सोडून चालणार नाही. वही हातात दिली आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकून पुढे काहीच केलं नाही, तर चार वर्षांनीही ती वहीच हातात असेल. दोष वहीचा नाही, पुढच्या पायऱ्या न आखल्याचा आहे. त्यामुळे मी दोन गोष्टी कायम वेगळ्या ठेवते. संवादाचं साधन सगळीकडे, सदैव, विनाअट. ते बक्षीस म्हणून द्यायचं नाही आणि शिक्षा म्हणून काढून घ्यायचं नाही. आवाजाचा सराव मात्र ठरलेल्या वेळी, ठरलेल्या माणसासोबत, ठरलेल्या पायरीवर. शटडाउनसाठी तर लिहिण्याची सोय तिला मोठेपणीही लागेल, म्हणून ती आत्ताच नीट बसलेली बरी.

साधन निवडताना एक बारकावा लक्षात ठेवा. गोठलेल्या मुलाला हात वर करणं, कार्ड उचलून दाखवणं हेसुद्धा जड जातं, कारण सगळे बघतात. बाकावर एक दुरंगी कार्ड पालथं करून ठेवायचं, उलटलं की बाईंनी समजून जायचं, एवढं सोपं हवं. बाथरूमला तर विचारायची गरजच काढून टाका: तिने उठून जायचं, बस. शाळेकडे उद्या एकच गोष्ट मागणार असाल तर ही मागा, बोलण्याचं नंतर बघू. दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुलीकडून बाकी कशाची अपेक्षा करायची?

भीतीचं मौन टिकून कसं राहतं ते बघा. कुणीतरी तिला प्रश्न विचारतं. ती गोठते. दोन सेकंदांत सगळ्यांना अवघडल्यासारखं होतं, आणि तुम्ही किंवा तिची मैत्रीण उत्तर देऊन टाकता. सगळ्यांची सुटका होते, तिचीही. पण शरीर शिकतं ते एवढंच की न बोलल्यामुळे संकट टळलं. पुढच्या वेळी गोठणं अजून लवकर येतं. याच्या उलट बाजूला दटावणं, आमिष दाखवणं, 'नमस्कार म्हण ना' असा आग्रह. त्यानेही तेच होतं, फक्त जास्त वेगाने. ही दोन्ही टोकं सोडून मधल्या वाटेने जायचं.

ती वाट साधारण अशी असते. शाळेतली एक रिकामी खोली, शाळा सुटल्यावर. आत फक्त आई आणि मुलगी, दोघींचा नेहमीचा पत्त्यांचा डाव. दार बंद. तिचा आवाज घरच्यासारखा मोकळा होईपर्यंत तिसरं माणूस नाही. मग शिक्षिका कॉरिडॉरच्या टोकाला बसतात, आणि ते मुलीला आधीच माहीत असतं. पुढे दार बोटभर उघडं. मग शिक्षिका दाराबाहेर पाठमोऱ्या, हातात स्वतःचं काम. मग दाराच्या आत, तरीही पाठमोऱ्या. मग टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, नजर वहीत. मग पत्ते वाटायला. मी या वेळी मुलाच्या खांद्यांकडे बघत असते. दाराची कडी वाजली की खांदे आधी वर जातात, आवाज नंतर पडतो. आवाज पडला की एक पायरी मागे, चर्चा न करता. कधी एका बैठकीत तीन पायऱ्या होतात, कधी एकाच पायरीवर आठवडे जातात. बैठक दहा-पंधरा मिनिटांचीच बरी, आणि आठवड्यातून एकदा लांबलचक घेण्यापेक्षा थोडी थोडी, वरचेवर.

शिक्षिका डावात आल्या की लगेच गप्पा नाहीत. आधी आकडे मोजणं, वारांची नावं, आळीपाळीने यादी म्हणणं. यात मत द्यायचं नसतं, चुकायची भीती नसते, पुढचा शब्द ठरलेला असतो. मग मोठ्याने वाचन, मग दोन पर्यायांतला एक निवडणं, मग छोटी वाक्यं. 'मनात काय आहे ते सांग' हे सगळ्यात शेवटी. तुमच्या मुलीच्या बाबतीत मी ज्वालामुखींची नावं घेऊन सुरुवात करेन. आणि एक चावट युक्ती सांगते, जपून वापरा: मोठ्या माणसाने गंभीर चेहऱ्याने चूक करायची. 'पॉम्पेई 1883 साली गाडलं गेलं ना?' ज्या मुलीला पॉम्पेई हे शहर इ.स. 79 मध्ये राखेखाली गाडलं गेलं आणि क्राकाटोआ ज्वालामुखीचा उद्रेक 1883 मध्ये झाला हे पाठ आहे, तिला ते सहन होत नाही. दुरुस्त करायची ऊर्मी कधी कधी भीतीच्या आधी पोचते.

सिलेक्टिव्ह म्युटिझमच्या नेहमीच्या पद्धतीत ऑटिस्टिक मुलांसाठी काही बदल करावेच लागतात. काही थेरपिस्ट नवं माणूस मुलाच्या नकळत जवळ आणतात. ऑटिस्टिक मुलासोबत मी ते करत नाही. अचानकपणा हाच त्याच्या भीतीतला मोठा वाटा असतो आणि विश्वास गेला की परत मिळवायला फार वेळ लागतो. आराखडा कागदावर, पायऱ्या तिच्या संमतीने, 'थांब' म्हणायची खूण ठरलेली. डोळ्यांत बघायचा आग्रह अजिबात नको. शेजारी बसून, दोघांची नजर कागदावर, असं काम जास्त चांगलं होतं. एका खोलीत जमलं म्हणजे दुसऱ्या खोलीत जमेल असं गृहीत धरू नका. खोली बदलली, खुर्ची बदलली, शिक्षिका बदलल्या की काही पायऱ्या पुन्हा चढाव्या लागतात, त्याला मागे जाणं म्हणत नाहीत. आणि बक्षिसांचा तक्ता मी शक्यतो टाळते. जे शरीर करू देत नाही त्यासाठी स्टार न मिळणं ही शिक्षाच असते.

रोजच्या वागण्यातल्या दोन-चार गोष्टी आजीपासूनच सुरू करता येतील. आजीने प्रश्न विचारू नयेत, बोलत राहावं: 'हे चित्र मोठं झालंय', 'मला ही राख खरी वाटतेय'. वाक्य टाकायचं आणि सोडून द्यायचं, उत्तराची वाट बघतोय असं दाखवायचं नाही. प्रश्न विचारायचाच झाला तर दोन पर्यायांचा, आणि त्यानंतर मनातल्या मनात निदान दहापर्यंत मोजायचं. 'हो की नाही'च्या प्रश्नांना मान हलवून भागतं. सुरुवातीला ते ठीकच आहे, नंतर पर्याय द्या. ती आईच्या कानात कुजबुजली तर आईने तिचा निरोप्या होऊ नये. जरा अंतर ठेवून 'मला नीट ऐकू नाही आलं, पुन्हा सांग' म्हणावं, आजी त्याच खोलीत असताना. आणि ज्या दिवशी आजीला तिचा पहिला शब्द ऐकू येईल त्या दिवशी कुणीही टाळ्या वाजवायच्या नाहीत. आनंद पोटात ठेवून बोलण्याला साधं उत्तर द्यायचं. 'अगं बोललीस की!' या एका वाक्याने पुढचे कित्येक महिने गप्प झालेली मुलं मी पाहिली आहेत.

थकव्याच्या मौनाबद्दल कमी सांगते, कारण तिथे करायचं कमी आणि थांबवायचं जास्त असतं. वहीत जे ताणाचे तास दिसतील ते हलके करा: कानांवर आवाज कमी करणारे हेडफोन, मधल्या सुट्टीत शांत कोपरा, वेळापत्रक बदलणार असेल तर आदल्या दिवशी लेखी सूचना. शाळेतून आल्यावर तासभर प्रश्नबंदी, 'आज काय झालं शाळेत' हाही नाही. शटडाउन सुरू झाला की वाक्यं छोटी करा, दिवे मंद करा, सोबत हवी की एकांत ते खुणेने विचारा. आवाजाचा सराव अशा दिवशी रद्द. शांत मुलगी म्हणजे सुखी मुलगी असं शाळेला सहज वाटतं, म्हणून तिच्या थकव्याचा पुरावा तुम्हालाच द्यावा लागेल. वही तिथेही कामाला येते. सोबतच शाळेत कुणी त्रास देतंय का, हे तिला लिहून विचारा. न बोलणारं मूल छळासाठी सोपं सावज असतं.

किती दिवस लागतील? परिस्थितीवर आहे. पाच वर्षांच्या मुलाचं काही महिन्यांत मोकळं होऊ शकतं; किशोरवयात, इतकी वर्षं गेल्यावर, जास्त वेळ धरून चाला. सगळा वर्ग तिला 'न बोलणारी' म्हणून ओळखतो, हेही एक ओझंच. शाळा किंवा तुकडी बदलल्यावर काहींना म्हणूनच सोपं जातं, पण ऑटिस्टिक मुलीला तो बदल स्वतःच इतका जड जाऊ शकतो की नुसत्या आशेवर तो करू नये. चिंता फार तीव्र असेल, ती घराबाहेर पडेनाशी झाली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ फ्लुओक्सेटिन किंवा सर्ट्रालिनसारखं औषध सुचवू शकतात. ऑटिस्टिक लोकांना अशा औषधांनी कधी कधी अस्वस्थपणा आणि झोपेचा त्रास जास्त होतो, म्हणून अगदी कमी मात्रेने सुरू करून हळू वाढवतात. औषध घ्यावं की नाही हे मी सांगणार नाही. पायऱ्यांचं काम सोबत चालू नसेल तर एकट्या औषधावर मात्र भिस्त ठेवू नये. तिला स्वतःला काय हवंय हेही विचारा. काहींना वर्गात बोलायचंय. काहींना फक्त मदत मागता यायला हवीय आणि मैत्रिणीशी बोलायचंय. दोन्ही उद्दिष्टं चांगली आहेत.

काही गोष्टी दिसल्या तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. ती घरीही, तुमच्याशीही बोलेनाशी झाली. हालचाली फार मंदावल्या, एकाच स्थितीत अडकून राहायला लागली, खाणंपिणं थांबलं, तर ऑटिस्टिक किशोरांमध्ये कॅटाटोनिया असू शकतो. तो उपचारांनी सुधारतो, पण वाट बघण्यातला नाही. लहान मुलाची आलेली भाषा जायला लागली तर श्रवणचाचणी आणि मेंदूतज्ज्ञांचा सल्ला हवा, कारण काही प्रकारच्या अपस्मारातही असं होतं. बोलणं अचानक गेलं आणि चेहरा वाकडा झाला किंवा हातातली ताकद गेली तर थेट आपत्कालीन विभाग, वय काहीही असो.

राहिली तोंडी परीक्षा. ती इतकी जवळ आलीय की तोवर पायऱ्या पूर्ण होणार नाहीत, आणि परीक्षेसाठी घाई केली तर आजवरचं मुसळ केरात. त्यामुळे यंदा पर्याय मागा, आणि तो मागताना शिक्षिकांशी हट्टाचा वाद घालत बसू नका. पत्र छोटं ठेवा, असं काहीसं:

'आमच्या मुलीला विषय येतो. ताणाच्या परिस्थितीत तिचा आवाज निघत नाही, हे तिच्या हातात नाही. तोंडी परीक्षेऐवजी तिने घरी उत्तरं बोलून रेकॉर्ड करून द्यावीत, किंवा समोर बसून लिहून द्यावीत, यातलं एक मान्य करावं. रेकॉर्डिंग फक्त परीक्षकांनी ऐकावं, वर्गात लावू नये. वर्गात तिला थेट प्रश्न विचारू नये, पण हजेरीला बाकावरचं कार्ड उलटलेलं दिसलं तर ते उत्तर समजावं. बाथरूमला जाण्यासाठी तिला विचारावं लागू नये.'

पाठवण्याआधी पत्र तिला वाचायला द्या. रेकॉर्डिंग की लेखी, ते तिलाच ठरवू द्या. आवाज कुणाच्या कानावर पडणार हे माहीत असेल तरच ती रेकॉर्ड करेल. तिने लेखी निवडलं तर परीक्षा झाल्यावर, दडपण ओसरल्यावर, ज्वालामुखींवरचं तिच्या आवाजातलं एक मिनिट आजीला ऐकवायचं का, हे विचारून बघा. 'नको' म्हणाली तर सध्या तिथेच थांबा आणि दोन महिन्यांनी पुन्हा विचारा.